एका कुत्र्याच्या पिलाची गोष्ट

(मंडळाच्या वाचन-सभेत वाचून दाखविलेले भाषण)



वर्धापनदिनानिमित्तच्या वाचन-सभेत प्रत्येकीने आपल्या आवडत्या एका पुस्तकावर बोलावे असे ठरले, तेव्हा पुष्कळजणींनी वजनदार पुस्तके निवडली. कोणी ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय घेतला, कोणी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेतली. मी मात्र हे एवढेसे, मोठमोठ्या चित्रांचे, कुत्र्याच्या पिलाचे पुस्तक हाती घेऊन तुमच्यापुढे उभी आहे. मागच्या रांगेत हसू फुटलेले मला दिसते आहे. हसा बापड्यांनो, खुशाल हसा. मीही पहिल्यांदा हसलेच होते. पुस्तक मिटले तेव्हा मात्र हसू कुठल्या कुठे गेले होते, आणि ते का, हेच मला आज सांगायचे आहे.

पुस्तकाचे नाव ‘गॅस्टन’. अमेरिकेतल्या केली डिपुकिओ या बाईंनी ते लिहिले आणि क्रिश्चन रॉबिन्सन या तरुण चित्रकाराने त्याची चित्रे काढली. 2014 साली ते प्रसिद्ध झाले. हा चित्रकार लॉस एंजेलिस शहरात आपल्या आजीच्या हाताखाली, एका खोलीच्या लहानशा घरात, भावंडांच्या दाटीत वाढला. पुढे त्याने चित्रे काढलेल्या ‘लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट’ या पुस्तकाला 2016 साली अमेरिकेत बालसाहित्याचा मोठा मान मिळाला. त्यातही एक आजी आणि तिचा नातूच आहे. ज्याला आईऐवजी आजीने वाढविले, त्याच्या कुंचल्यातून गॅस्टन उतरावा याचे मला फार बरे वाटते.

आता गोष्ट ऐका. पूडल नावाची कुत्र्यांची एक जात आहे. कुरळ्या लोकरीसारखे केस, नाजूक बांधा, चालणे डौलाचे. अशा एका पूडलबाईंना चार पिले असतात. फी-फी, फू-फू, ऊ-ला-ला आणि गॅस्टन. पहिली तिघे कशी अगदी चहाच्या कपात मावतील एवढी. आणि चौथा? चौथा गोल डोक्याचा, ताठ कानांचा, चपट्या नाकाचा, आणि दिवसेंदिवस वाढतच जाणारा! पुस्तकात मौज अशी की, लेखिका सुरुवातीला या फरकाविषयी चकार शब्द काढीत नाही. ती चौघांची नावे सांगते आणि वर विचारते की, पुन्हा एकदा पाहायची आहेत का पिले? शब्द गप्प राहतात आणि चित्र बोलते. मांडीवरचे पोर लगेच बोट ठेवते, “हा वेगळा आहे!” वाचून दाखविणारी आई तोवर पुढचे वाक्य शोधीत असते. चांगल्या चित्रपुस्तकाची ही खूण आहे. त्यात अर्धी गोष्ट शब्दांत असते आणि अर्धी चित्रात, आणि दोहोंची गाठ मूल स्वतः मारते.

पूडलबाई पिलांना वळण लावतात. पाणी लपलप करून प्यायचे नाही, अलगद घोट घ्यायचा. भुंकायचे तेही हळू. चालायचे ते सावकाश, धावत सुटायचे नाही. गॅस्टनला हे सगळे जड जाते. पण चौघांत जास्तीत जास्त मेहनत कोण घेतो? गॅस्टनच. ही गोष्ट विसरू नका. मी पुढे तिच्याकडे येणार आहे.

एके दिवशी बागेत पूडलबाईंची गाठ एका बुलडॉगबाईंशी पडते. त्यांनाही चार पिले. रॉकी, रिकी, ब्रुनो आणि आंत्वानेत. तीन दांडगी, आणि आंत्वानेत कुरळ्या केसांची, नाजूक! आता घोटाळा सर्वांच्याच ध्यानी येतो. कुठेतरी अदलाबदल झालेली असावी. दोघी आया एकमेकींकडे बघतात. करायचे काय? त्या म्हणतात, पिलांनाच ठरवू द्या. पिले क्षणभर विचार करतात आणि जागा बदलतात. गॅस्टन बुलडॉगांत जातो, आंत्वानेत पूडलांत. आता कसे सगळे दिसायला जिथल्या तिथे झाले! चार पूडल इकडे, चार बुलडॉग तिकडे. पाहणाऱ्याला वाटावे की गोष्ट संपली.

पण ती संपत नाही. सगळे दिसायला बरोबर, पण वाटायला काही बरोबर वाटत नाही. गॅस्टनला त्या घरातला दांडगावा रुचत नाही, आंत्वानेतला त्या घरातली नाजूक टापटीप सोसवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कुटुंबे घाईघाईने बागेत येतात आणि ज्याचे मूल त्याच्या घरी परत जाते. पुढे दोन्ही घरची पिले रोज बागेत भेटतात, एकमेकांकडून चार गोष्टी शिकतात. आणि मोठेपणी गॅस्टनचे व आंत्वानेतचे जुळते, त्यांना पिले होतात, आणि आपल्याला जे व्हावेसे वाटते ते तुम्ही व्हा, असे ते आपल्या पिलांना शिकवितात. एवढीच गोष्ट. वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

कुत्र्यांच्याच जाती लेखिकेने का घेतल्या असतील, असा विचार मी करू लागले. पूडल आज सोफ्यावर बसणारा, केस कातरून सजविलेला कुत्रा वाटतो. पण मुळात तो पाण्यात उडी घेऊन शिकाऱ्याने पाडलेली बदके तोंडात धरून आणणारा कणखर कुत्रा. पोहताना जड होऊ नये म्हणून त्याची लोकर कातरीत, आणि सांध्यांना गारठा लागू नये म्हणून तेवढ्या जागी ठेवीत; तीच पुढे शोभा ठरली! उलट, बुलडॉगाचे तोंड पाहिले की छाती दडपते. त्याच्या पूर्वजांना इंग्लंडात खांबाला बांधलेल्या बैलावर सोडीत. तो क्रूर खेळ 1835 साली कायद्याने बंद झाला. त्यानंतर लहान चणीचे बुलडॉग नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्या कारागिरांनी पाळले. हे कारागीर पोटापाण्यासाठी फ्रान्सला गेले ते आपल्या कुत्र्यांसह, आणि त्यांचीच संतती आज मांडीवर घोरत पडणारी, मुलांत रमणारी म्हणून ओळखली जाते. म्हणजे पाहा, नाजूक दिसणारा मुळात कष्टकरी, आणि भयंकर दिसणारा आज गरीब गाय! चेहऱ्यावरून जे आपण ठरवितो, ते असे असते.

या गोष्टीची एक वडील बहीण आहे. ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने 1843 साली लिहिलेली कुरूप बदकपिलाची गोष्ट. आपल्याकडे ती गदिमांच्या गाण्यातून घरोघर पोहोचली; आपल्यापैकी कोणीही ते गाणे म्हटले नसेल असे नाही. अँडरसन हा एका गरीब चांभाराचा मुलगा. त्याची आई लोकांचे कपडे धूत असे. उपहास सोसून तो मोठा झाला आणि त्याने आपलीच कथा त्या पिलात घातली. सगळे ज्याला हिणवितात ते पिलू शेवटी राजहंस निघते आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या राजहंसांत जाऊन सुखी होते. दुबळ्याला धीर देणारी ती गोष्ट आहे आणि तिचे मोल मी कमी करीत नाही. पण तिच्यात एक बारीक काटा आहे. पिलू सुखी होते ते केव्हा? जातीचे आपल्यात गेल्यावर! ज्या घरट्यात ते वाढले, तिथे त्याची जागा नव्हतीच, असेच ती गोष्ट म्हणते. गॅस्टन याच्या नेमका उलट जातो. त्याला आपले ‘राजहंस’ सापडतात, तो त्यांच्यात जातो, एक रात्र काढतो, आणि परत येतो. आपण कोण, हे आपण कोणासारखे दिसतो यावरून ठरत नाही, असे ही एवढीशी गोष्ट सांगते.

मैत्रिणींनो, हा काटा मला कसा टोचला ते सांगते. घरातली गोष्ट आहे. पण जिची आहे तिला विचारूनच सांगते आहे.

माझी थोरली बहीण 1979 साली वारली. तिची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. मेहुण्यांची नोकरी बँकेची, बदलीची. तान्हे पोर सांभाळणार कोण? मी कऱ्हाडला होते, माझे पहिले मूल चालायला लागले होते. मी भाचीला घेऊन आले. 1956 च्या कायद्यापासून मुलगीही रीतसर दत्तक घेता येते. पण असा काही कागद आम्ही केला नाही. कोणाच्या मनातही आले नाही. मूल घरात आले आणि घरचे झाले. ती मला मावशीच म्हणे. पण भूक लागली, पडली, रुसली, की ‘मावशी’ या शब्दाचा आई असाच अर्थ होई.

आमचे घर गोरेघारे, बारीक चणीचे. पोर गेली बापावर; सावळी, उंच, हाडापेराने भक्कम. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला घेऊन गेले की कोणी ना कोणी विचारीच, “ही कोणाची हो? तुमच्यातली वाटत नाही.” विचारणारीच्या मनात वाईट नसे. मी हसून वेळ मारून नेई. पण सहा-सात वर्षांची झाल्यावर पोर अशा वेळी माझ्या पदराआड उभी राहू लागली. आणि घरात? माझे दोन्ही मुलगे पसारा करीत; ही तो आवरी. श्लोक तिला आधी पाठ, देवापुढचा दिवा तिने लावायचा, पानावर टाकायचे काही नाही. मी कौतुकाने सांगे, “किती शहाणी!” गॅस्टन चौघांत जास्त मेहनत का घेत होता, हे तेव्हा मला कोणी सांगायला हवे होते.

मेहुण्यांनी पुढे लग्न केले. सोलापूरला स्थिरस्थावर झाले, मुलगा झाला. 1987 साली त्यांचे पत्र आले की आता मुलीला घेऊन जातो. त्यांचे काय चुकले? बापच तो, आणि इतकी वर्षे त्याने आतड्याला पीळ घालून पोर दूर ठेवली होती. सासूबाई म्हणाल्या, “रक्त रक्ताकडेच जायचे.” शेजारणी म्हणाल्या, “तुम्ही पुण्य केलेत, आता जिची तिला देऊन मोकळ्या व्हा.” ह्यांनी मात्र एवढेच म्हटले, “तिला विचार.” मी विचारले. “बाबांकडे जाशील ना? तिथे तुला भाऊ आहे.” नऊ वर्षांची पोर माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “हो.”

जाण्याच्या आदल्या रात्री मी तिला कुशीत घेऊन तीच राजहंसाची गोष्ट सांगितली. तू आता तुझ्या राजहंसांत चालली आहेस, असे म्हटले. गोष्ट संपल्यावर तिने विचारले, “मावशी, त्या पिलाला आधीच्या घरची आठवण नाही यायची का गं?”

मी म्हटले, “राजहंस झाल्यावर कशाला येईल?”

हे वाक्य मी बोलले, बायांनो. प्रेमाने बोलले. तिला जाणे सोपे व्हावे म्हणून बोलले. पण तिला त्यातून ऐकू काय आले असेल? की आठवण काढायची नाही. काढली तर आपण राजहंस नाही.

सोलापूरला तिला कोणी दुःख दिले नाही, हे मी मुद्दाम सांगते. कारण सावत्र आई म्हटले की आपल्या मनात एक ठराविक चित्र तयार असते. त्या बाई लाखांत एक. पोरीला नवे कपडे, चांगली शाळा, जेवायला आवडीचे. सुटीत ती आमच्याकडे येई. पहिल्याच दिवाळीत आली, दप्तर ठेवले, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, “मावशी, पाणी घेऊ का?” ज्या माठातून ती इतकी वर्षे स्वतः पाणी घेत होती, त्या माठातले पाणी! मी हातातले काम टाकून तिच्याकडे बघतच राहिले. पण समजले नाही. म्हटले, वळण लागले आहे हो पोरीला.

असे दोन वर्षे चालले. 1989 च्या मे महिन्यात एके दुपारी सोलापूरच्या त्या बाई स्वतः तिला घेऊन एस.टी.ने आल्या. पोर आत गेल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, हिने दोन वर्षांत माझे एक भांडे फोडले नाही. उलट शब्द बोलली नाही. हट्ट म्हणून केला नाही. एकदा तरी माझ्यावर रुसली असती, तर मी समजले असते की ही माझी झाली. पोर माझ्याकडे पाहुणी म्हणून राहते आहे हो. तिचे घर इथे आहे.” मेहुण्यांचे मन वळवायला त्यांना सहा महिने लागले होते. लोक काय म्हणतील, सावत्र आईने पोर हाकलली असेच म्हणतील, हे त्यांना ठाऊक होते. आणि लोक तसे म्हणालेही. त्यांनी ते सोसले.

परत आल्यावर आठवडाभर पोर तशीच, शहाण्यासारखी. आठव्या दिवशी मी तिच्या पानात करपलेली भाकरी वाढली. तिने ती ताटाबाहेर सारली, “मला नको ही,” म्हणून ओरडली आणि रुसून माडीवर जाऊन बसली. मी चुलीपुढे बसून घळघळा रडले, आनंदाने. पोर घरी आली होती.

पुस्तकातल्या पिलांना परत यायला एक रात्र लागली. आमच्या पोरीला दोन वर्षे लागली, आणि तीही परत आली ती माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

आता पुस्तक माझ्या हाती कसे आले ते ऐका. 2016 च्या दिवाळीत ती, म्हणजे आमची भाची, आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. रात्री अंथरुणावर पडून ती लेकीला हे पुस्तक मराठीतून वाचून दाखवीत होती, आणि मी शेजारी वाती वळीत ऐकत होते. पिलांनी जागा बदलल्याचे पान आले, तेव्हा ती क्षणभर थांबली. नातीने ढोसले, “आई, पुढे?” ती पुढे वाचू लागली. पिले परत आपापल्या घरी आली तेव्हा नात उठून बसली आणि मला समजावून सांगू लागली, “आजी, कळलं का तुला? ते आधी चुकले होते!” मी म्हटले, “कळलं गं बाई.”

नात झोपल्यावर भाची म्हणाली, “मावशी, तू मला तेव्हा विचारलं होतंस. मीच हो म्हणाले होते.”

मी म्हटले, “तीच एक गोष्ट मनाशी धरून बसले आहे मी इतकी वर्षं.”

ती म्हणाली, “मला वाटलं, तुला ‘हो’ हवं आहे.”

मैत्रिणींनो, या पुस्तकाचे मर्म मला तिथे सापडले. पुस्तकातल्या आयाही पिलांना विचारतात, आणि पिलेही हो म्हणून जागा बदलतात. म्हणजे मुलांना विचारले की आपले काम संपले, असेही नाही. मूल आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देते. सगळ्यांना जे बरोबर दिसते, तेच त्यालाही क्षणभर बरोबर दिसते. त्या दोन आयांचे मोठेपण विचारण्यात आहेच. पण त्याहून मोठे ते दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत परत येण्यात आहे. झाले ते चुकले, असे त्या म्हणू शकल्या. पिलाला परत येण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली. मी विचारले, पण वाट बंद करून विचारले. राजहंस होऊन परत कोणी येत नाही, असे सांगून पोरीला पाठविले. ती वाट सोलापूरच्या त्या माउलीने उघडली.

कोणी म्हणेल, मग काय, मुलांना हवे तसे वागू द्यायचे? वळण लावायचेच नाही? असे हे पुस्तक मुळीच म्हणत नाही. पूडलबाईंनी वळण लावले आणि गॅस्टनने ते मनापासून घेतले. ते वळणच त्याचे स्वतःचे झाले; म्हणून तर त्याला त्या घराची ओढ लागली. पाणी कसे प्यावे हे आईने शिकवायचे. तू कोण आहेस, हे मात्र आईने तोंडावळा पाहून ठरवायचे नाही.

अशीच एक आई मला आणखी एका जुन्या पुस्तकात भेटली. 1936 साली अमेरिकेत मन्रो लीफने लिहिलेली आणि रॉबर्ट लॉसनच्या चित्रांनी नटलेली फर्डिनंड नावाच्या स्पेनमधल्या बैलाची गोष्ट. इतर वासरे टकरा खेळतात, हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. आई गाय काळजीने विचारते की, बाळा, तुला एकट्याला करमते का? तो म्हणतो, मला इथेच बरे वाटते. आणि ती त्याला तिथे बसू देते. पुढे गैरसमजाने त्याला माद्रिदच्या झुंजीच्या आखाड्यात नेतात, तिथेही तो बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत बसून राहतो, आणि शेवटी त्याला घरी आणून सोडावे लागते. एवढ्या साध्या गोष्टीची फ्रँकोच्या स्पेनमध्ये आणि हिटलरच्या जर्मनीत बंदी झाली! झुंजायला नकार देणारा एक बैल आणि त्याला समजून घेणारी एक गाय यांना सत्ताधीश भ्याले. तेव्हा मुलांच्या पुस्तकांना कोणी क्षुल्लक म्हणू नये.

आता दोन विनंत्या करते आणि संपविते.

पहिली अशी. आपल्या हळदीकुंकवात, मंगळागौरीत, बारशात एखादे मूल दिसले की “कोणावर गेले?” हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघतो. दत्तक घेतलेली मुले आज आपल्याच गल्लीत आहेत; मामा-मावशीकडे, आजीकडे वाढणारी आहेत; घरच्या सगळ्यांहून वेगळी निघालेली तर प्रत्येक घरात एक तरी आहे. त्या प्रश्नाने पदराआड जाणारे पोर मी पाहिले आहे. त्यापेक्षा “काय खेळतेस गं?” असे विचारावे. त्याचे उत्तर मुलाला देता येते, आणि देताना त्याला कोणाच्या आड जावे लागत नाही.

दुसरी अशी. पुस्तक इंग्रजी आहे, म्हणून भाचीने प्रत्येक पानावर मराठी वाक्यांची चिठ्ठी आपल्या हाताने लिहून डकविली आहे. ही प्रत मी आज मंडळाच्या मुलांच्या कपाटासाठी देत आहे. घरी न्या, नातवंडांना वाचून दाखवा. वाचताना घाई करू नका. चित्र बघू द्या, बोट ठेवू द्या. आणि पिलांनी जागा बदलल्याच्या पानावर थोडे थांबा. मूल काय म्हणते ते ऐका.

दरवर्षी दिवाळीला सोलापूरच्या बाई आणि मी अजून भेटतो. कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो आणि भाचीच्या घरीच जमतो. तिच्या पानात शेंगांची चटणी सोलापूरची असते आणि आमटी माझ्या हातची. गेल्या दिवाळीत नातीने आमच्या दोघींच्या मध्ये बसून विचारले, “तुमच्यातली पूडल कोण आणि बुलडॉग कोण?” सोलापूरच्या बाई म्हणाल्या, “मी बुलडॉग! तोंडच तसं आहे माझं.” सगळे हसले. मी त्यांचा हात हातात घेतला. आणखी काही बोलण्याची गरज नव्हती.